‘चिमणी उडाली भुर्र’ : मुलांना स्वतःला आवरायला शिकवणारा खेळ कसा घ्यावा

हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवलेलं मूल स्वतःला आवरायला शिकत नाही. त्याला आवरणारे तुम्ही असता. तुमची पाठ वळली की घडी सुटते. हात उचलावासा वाटत असतानाही तो आपणहून थांबवायचा, याचा सराव ‘चिमणी उडाली’त छान होतो.

चार ते सहा वर्षांची पाच-सहा मुलं गोल बसवा, प्रत्येकाचं एक बोट जमिनीवर. उडणाऱ्याचं नाव आलं की ‘भुर्र’ म्हणत बोट वर. नाहीतर गप्प, बोट जागेवर. पाच-सात मिनिटं पुरे. कोंबडी आणि मोर ही नावं टाळा, नाहीतर खेळ राहतो बाजूला आणि वाद सुरू होतो.

खरी मेख नावांच्या क्रमात आहे. चिमणी, टेबल, पोपट, हत्ती असं आलटूनपालटून घेतलं की मूल प्रत्येक नावाला सावध राहतं आणि थांबवण्यासारखं काही उरतच नाही. आधी हाताला सवय लागली पाहिजे. चिमणी, कावळा, घार, विमान अशी चार-पाच नावं एका लयीत घ्या आणि त्याच लयीत, त्याच आवाजात म्हणा, ‘म्हैस उडाली’. पुढची म्हैस दोन नावांनंतर, कधी सहानंतर आणा. ठरावीक अंतर ठेवलंत तर मुलं मोजायला लागतात. तुमच्या ओठांवर हसू आलं, तर मुलं ‘म्हैस’ न ऐकता तुमचा चेहरा बघून थांबतात. मुलं लहान असतील तर म्हशीला तुमचंही बोट खालीच ठेवा. पाच वर्षांपुढे मुद्दाम उचला.

आता बोटांकडे बघा. एखादं दोन इंच वर जातं, हवेत थबकतं आणि हळूच परत टेकतं. हेच हवंय! ती चूक धरू नका, ‘थांबवलंस की!’ एवढंच म्हणा. कुणी ‘म्हैस नाही उडत’ असं पुटपुटत असेल तर त्याला गप्प करू नका. या वयात मुलं स्वतःला मोठ्यानं सांगून आवरतात.

चुकलेल्याला ‘बाद’ करायची प्रथा मात्र सोडाच. सगळ्यांत आधी बाद होतं ते सर्वांत जास्त सराव हवा असलेलं मूल, आणि आपण त्यालाच कोपऱ्यात बसवतो.

चुका क्वचित व्हायला लागल्या की नियम उलटा करा: म्हशीला बोट वर, चिमणीला खाली. खेळण्याआधी नवा नियम मुलांकडूनच वदवून घ्या. पहिल्या दिवशी तरबेज मुलंही चुकतील, कारण जुनी सवय मोडायची असते. नियम मागे घेऊ नका, वेग निम्मा करा. दोन्ही नियमांची एकाच दिवशी सरमिसळ नको.

मग राज्य मुलांकडे द्या. सुरुवातीला ती नुसते पक्षीच उडवत बसतात. तेव्हा कानात सांगा, ‘आता एक म्हैस.’