अश्वगंधा, मुसळी, शतावरी: हिवाळ्यातील काढणी आणि वाळवणीचा सल्ला

अश्वगंधा, सफेद मुसळी आणि शतावरी या तिन्ही मुळीच्या पिकांत वर्षभराची मेहनत काढणीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत टिकते किंवा वाया जाते. शेतात मुळी टपोरी, पांढरी असते. खरेदीदाराच्या गोदामात पोहोचेपर्यंत तीच काळपट पडलेली, कुबट वासाची, मातीने माखलेली निघते आणि भाव निम्म्यावर येतो. म्हणून हा सल्ला लागवडीपेक्षा काढणी आणि वाळवणीवर जास्त आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात करायची कामे त्यात आहेत.

अश्वगंधा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरलेली अश्वगंधा, म्हणजे आसकंद, ऑक्टोबरमध्ये विरळणीला येते. ओळीने पेरणी असेल तर दोन ओळींत ३० सें.मी. आणि दोन रोपांत १० सें.मी. अंतर ठेवून बाकीची रोपे काढून टाकावीत. दाट ठेवलेल्या पिकात मुळ्या पेन्सिलीपेक्षाही बारीक राहतात. वाळल्यावर त्या सुतळीसारख्या होतात आणि खालच्या प्रतीत जातात. पहिल्या दीड महिन्यात दोन खुरपण्या पुरतात.

पीक फिकट दिसले की युरिया टाकण्याचा मोह होतो. तो टाळावाच. नत्र आणि पाणी जास्त झाले की झाड पानाफांदीने माजते आणि मुळी पोसत नाही. मध्यम जमिनीत, परतीचा पाऊस बरा झाला असेल तर पाण्याची गरजही भासत नाही. पावसाने ओढ दिली असेल तर महिन्याच्या अंतराने दोन हलकी पाणी पुरेशी होतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले तर मूळकूज हमखास येते. अशा शेतात औषधे ओतत बसण्यापेक्षा चर काढून पाणी बाहेर काढावे. तो खरा उपाय आहे.

पानांवर जाळी दिसू लागली, शिरा तेवढ्या शिल्लक आणि मधला हिरवा भाग खरवडलेला, तर तो ठिपकेवाल्या एपिलॅक्ना भुंग्याचा प्रादुर्भाव समजावा. वांग्यावर येतो तोच हा भुंगा, त्यामुळे शेजारी वांग्याचे शेत असेल तर लक्ष दुप्पट ठेवावे. पानाच्या मागच्या बाजूला पिवळ्या अंड्यांचे पुंजके उभे रचलेले दिसतात. ती पाने अंड्यांसकट तोडून नष्ट करावीत. त्यानंतर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा आणि पाणी घालून एकूण १०० लिटर करावे. फवारणी संध्याकाळी करावी. मुळी औषधात जाणार आहे आणि कीडनाशकाचा अंश तपासणीत सापडतो, म्हणून रासायनिक फवारणीकडे वळू नये.

साधारण १५० ते १८० दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत पीक काढणीला येते. खालची पाने वाळून गळतात, फळे हिरव्याची लालसर-नारिंगी होतात. पण नुसत्या फळांवर विसंबू नये. शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी पाच-सहा झाडे उपटून मुळी मोडून पाहावी. कटकन मोडली आणि आतून पांढरी, पिठाळ दिसली तर काढणीची वेळ झाली आहे. वाकते, तंतू धरते, मोडताना सोलते अशी मुळी एकतर कोवळी असते किंवा जुनी झालेली. कोवळी काढली तर वाळल्यावर सुरकुतते आणि वजन पडते. उशीर झाला तर ती लाकडासारखी तंतुमय होते. ही चूक जास्त महाग पडते, कारण वजन मिळते आणि प्रत जाते.

जमीन टणक असेल तर उपटण्याच्या तीन-चार दिवस आधी हलके पाणी द्यावे. कोरड्या जमिनीतून ओढलेली मुळी खालून तुटते आणि लांब, जाड तुकडा जमिनीतच राहतो. वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत असताना, नांगराने तास काढून झाडे हाताने उचलावीत. ती झटकून, खोडाचा भाग मुळीच्या माथ्यावर एक-दोन सें.मी. ठेवून कापावा. मुळ्या स्वच्छ पाण्यात झटपट खळबळून घ्याव्यात. टाकीत तासनतास भिजत ठेवू नयेत, पाण्याबरोबर गुणही निघून जातो. मग ७ ते १० सें.मी.चे तुकडे करावेत. बारीक उपमुळ्या वेगळ्या कराव्यात, त्या वेगळ्या प्रतीत विकल्या जातात.

प्रतवारी बाजारात अशी चालते: साधारण ७ सें.मी. लांब, १ ते दीड सें.मी. जाड, भरीव, ठिसूळ आणि आतून पांढरीशुभ्र ती पहिली प्रत. ५ सें.मी.पर्यंत लांब आणि १ सें.मी.पेक्षा बारीक ती दुसरी. ३-४ सें.मी.चे उपमुळ्यांचे तुकडे तिसरी. पोकळ, पिवळट, चुरा झालेले तुकडे शेवटची. सगळे एकाच गोणीत भरून नेले की खरेदीदार शेवटच्या प्रतीचा भाव सांगतो. घरच्या घरी बसून निवड केली तर तेवढ्यानेच पैशांत फरक पडतो. कोरडवाहूत एकरी सव्वा ते दोन क्विंटल सुकी मुळी धरावी. त्याहून मोठे आकडे सांगून बियाणे विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

पानांची विक्री होईल या आशेने पाला मुळीत मिसळणे तर सोडाच, वेगळा विकतानाही खरेदीदार काय करणार आहे ते विचारावे. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याचा सल्ला दिला आहे. परंपरेने औषधात जाते ती मुळीच.

पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी निरोगी, जाड मुळीच्या झाडांची पूर्ण लाल फळे वेगळी तोडावीत, सावलीत वाळवून झोडावीत. जुन्या बियाण्याची उगवण झपाट्याने घसरते, त्यामुळे बियाणे दरवर्षी ताजे ठेवावे.

वाळवणी

तिन्ही पिकांना लागू होणारा हा भाग आहे आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. मातीच्या अंगणात मुळ्या पसरू नयेत. स्वच्छ ताडपत्री, सिमेंटचे खळे किंवा त्याहून चांगले म्हणजे जमिनीपासून हातभर उंच बांधलेली जाळी वापरावी. जाळीवर खालून हवा खेळते. थर बोटभर जाडीचाच ठेवावा. दिवसातून तीन-चार वेळा परतावे. सूर्य मावळायच्या आधी गोळा करून झाकावे, कारण थंडीतले दव रात्रीतून दिवसभराचे वाळणे परत घालवते. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पावसाचा धोका असतो. ढग दिसले की माल आत. ओला माल ढिगात पडून राहिला तर आतून तापतो, आणि दोन दिवसांत पांढरी बुरशी दिसू लागते. बुरशी आलेला माल पुन्हा वाळवून, झटकून विकू नये. वरची बुरशी जाते, पण अफलाटॉक्सिनसारखे विष आत राहते आणि ते वाळवून नाहीसे होत नाही.

सौर वाळवणी यंत्र असेल तर तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. फार उष्णतेत मुळीची साल आधी कडक होते आणि आतला ओलावा अडकतो. वरून खुळखुळीत वाटणारी अशी मुळी गोणीत महिनाभरात नरम पडते. ओलावा ८ ते १० टक्के राहिला की वाळवण पूर्ण झाली. मापक नसेल तर जाड तुकडा मोडून पाहावा. आवाज होऊन मोडला, आतला गाभा थंड किंवा चिवट लागला नाही, तर भरायला हरकत नाही. तुकडे उन्हातून थेट गोणीत भरू नयेत. सावलीत निवू द्यावेत, नाहीतर पोत्याच्या आत घाम सुटतो.

गोणी नवीन घ्यावी, आत प्लॅस्टिकचा अस्तर असावा. युरिया, कीटकनाशक किंवा बियाणे प्रक्रियेच्या रिकाम्या पिशव्यांत औषधी माल कधीही भरू नये. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर अंतर ठेवून रचाव्यात. खतांच्या खोलीत तर अजिबात नाही. माल उजळ दिसावा म्हणून गंधकाची धुरी देणे किंवा वरून पावडर लावणे हा सरळ भेसळीचा प्रकार आहे. तो तपासणीत उघडा पडतो.

आयुर्वेदिक औषधिकोशात, म्हणजे औषधांची सरकारी मानके देणाऱ्या ग्रंथात, अश्वगंधेसाठी इतर पदार्थांचे प्रमाण २ टक्क्यांहून आणि आम्लात न विरघळणारी राख १ टक्क्याहून जास्त नसावी असे ठरवले आहे. ही राख म्हणजे बहुतांशी वाळू-माती. मातीच्या खळ्यावर वाळवलेला माल नेमका इथे नापास होतो.

सफेद मुसळी

मुसळीची पाने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिवळी पडून आपोआप झडतात. पाने गेली म्हणजे काढायला हरकत नाही असे समजू नये. या वेळी कांड्या फिकट, पाणीदार असतात. जमिनीत अजून दोन-तीन महिने राहू द्याव्यात. साल फिकट बदामीवरून गडद तपकिरी होते, तेव्हा मुसळी पक्की झाली. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काढणीचा काळ. या मधल्या दिवसांत वाफ्यावर पाला पसरून ठेवावा, आणि जमीन भेगाळू लागली तरच हलके शिंपण करावे. पाणी साचले तर फ्युजेरियम बुरशीची कूज लागते. रानडुकरे आणि उंदीर याच दिवसांत वाफे उकरतात, कारण वरून झाड दिसत नसले तरी खाली गोड कांड्या असतात. काटेरी कुंपण आणि रात्रीची राखण आधीच ठरवून ठेवावी.

काढणी कुदळीने, वाफ्याच्या बाजूने आत येत करावी. वरून घाव घातला की कांड्या कापल्या जातात. आधी बेणे निवडावे. माथ्याची चकती आणि डोळा शाबूत असलेल्या, भरीव कांड्यांचे पुंजके बाजूला काढून हवेशीर, अंधाऱ्या खोलीत कोरड्या वाळूत ठेवावेत. चकतीशिवाय तुटलेली कांडी कितीही जाड असली तरी उगवत नाही, ती सोलाईलाच जाते.

सोलाई धुऊन लगेच करावी. दोन-तीन दिवस पडून राहिली की साल चिकटते आणि सोलताना गरही जातो. साल पूर्ण निघायला हवी, जिथे डाग राहतो तिथे वाळलेली मुसळी काळी दिसते. हे काम हळू चालते आणि मजुरी खाते. म्हणून रोज जेवढी सोलता येईल तेवढीच खणावी. पाच ते सात किलो ओल्या कांड्यांतून एक किलो सुकी मुसळी मिळते, हा हिशेब धरूनच मजूर लावावेत.

मुसळीच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. महाराष्ट्रात अनेक शेतकरी महागड्या बेण्यावर बुडाले आहेत. बेणे विकणाराच परत खरेदीची हमी देतो आणि काढणीच्या वेळी सापडत नाही. पहिल्या वर्षी एक-दोन गुंठ्यांवर लावावी, घरचे बेणे वाढवावे, विक्रीचा अंदाज घ्यावा आणि मगच क्षेत्र वाढवावे.

शतावरी

लावणीला १८ ते २४ महिने झालेली शतावरी या थंडीत काढता येते. वेल पिवळसर पडला की सुरुवात करावी. आधी काटेरी वेल जमिनीपासून वीतभर ठेवून कापावेत, हातमोजे वापरावेत. मग बुंध्याभोवती दीड-दोन फुटांवरून खणत यावे. मुळ्यांचा जुडगा सगळ्या बाजूंना पसरलेला असतो, आणि बुंध्याजवळ खणले तर निम्म्या मुळ्या तुटतात. कोंब असलेला माथा दोन-तीन आखूड मुळ्यांसह पुन्हा लावता येतो. त्याने रोपांचा खर्च वाचतो.

मुळ्या धुऊन उकळत्या पाण्यात साल सैल होईपर्यंतच ठेवाव्यात. जास्त उकळल्या तर गर लिबलिबीत होतो. साल काढून मधली दोऱ्यासारखी शीर ओढून काढावी. शीर राहिली तर मुळी आतून नीट वाळत नाही. काही खरेदीदार सालीसकट माल मागतात, त्यामुळे कामाला हात घालण्याआधी विचारून घ्यावे. दहा किलो ओल्या मुळीतून साधारण एक किलो सुकी निघते. शतावरीत साखर भरपूर असते. दमट हवेत ती लगेच चिकट होते, म्हणून वाळल्याबरोबर हवाबंद करावी.

गुळवेल

गुळवेलीची जाड खोडे पानगळीनंतर काढावीत. साधारण अंगठ्याएवढी किंवा अधिक जाड घ्यावीत आणि बुडाशी फूटभर खोड ठेवावे, ते पुन्हा फुटते. गोळा करताना ओळख पक्की हवी. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतला फरक स्पष्ट केला. क्रिस्पाचे खोड करडे, गाठीगाठींचे असते, कापल्यावर दुधाळ रस येतो आणि फळ लांबट असते. गुळवेलीला तसा दुधाळ रस येत नाही, फुलाला सहा पाकळ्या असतात आणि लाल फळे गोल असतात.

घरात वापरताना

पिकवणारा स्वतःही वापरतोच. अश्वगंधेचे चूर्ण रूढ मात्रेत दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, दुधातून घेतले जाते. गर्भवतींनी, थायरॉइडची किंवा झोपेची औषधे चालू असणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असणाऱ्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. शतावरी बाळंतिणीला दूध वाढावे म्हणून परंपरेने देतात. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे असे दिसले तर कोणतेही चूर्ण, काढा लगेच थांबवून दवाखान्यात जावे.

विक्रीची तयारी

ई-पीक पाहणीत पीक नोंदवावे, म्हणजे सातबाऱ्यावर ते लागवडीचे असल्याचा पुरावा राहतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जैवविविधता कायद्यात लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभ-वाटपातून, म्हणजे जैविक साधनाच्या वापरातल्या लाभाचा वाटा देण्याच्या बंधनातून, सूट आहे. त्यासाठी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून उगम प्रमाणपत्र घ्यावे लागते. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागाचे प्रादेशिक केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. विदर्भातील शेतकऱ्यांना अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान जवळ पडते. अश्वगंधेचा जुना मोठा बाजार मध्य प्रदेशात नीमचला आहे. तिथला भाव फोनवर विचारून मगच स्थानिक व्यापाऱ्याशी बोलावे.

प्रत्येक गोणीला क्रमांक द्यावा. वहीत बियाणे कुठून आणले, पेरणी कधी, काय फवारले, काढणी कोणत्या तारखेला, वाळवायला किती दिवस लागले, हे त्या क्रमांकासमोर लिहावे. सर्व गोण्यांतून थोडा-थोडा माल घेऊन अर्धा किलोचा एकत्र नमुना करावा. एक भाग खरेदीदाराला द्यावा, एक सीलबंद करून स्वतःकडे ठेवावा. पुढे प्रतीवरून वाद झालाच तर हा नमुना प्रयोगशाळेत देता येतो.