छोट्या सल्ल्यांचे पुस्तक कसे वाचावे आणि कसे वापरावे

रोजच्या जगण्याविषयीचे दोन-तीन पानी लेख एकत्र केलेले एखादे तरी पुस्तक बहुतेक मराठी घरांत सापडते. कोणाला ते निवृत्तीच्या समारंभात मिळालेले असते, तर कोणी अप्पा बळवंत चौकात मुलांची पाठ्यपुस्तके घ्यायला गेले असताना सहज उचललेले असते. राग कसा आवरावा, वेळ कसा पाळावा, पैसा कसा राखावा, सोयरेधायरे कसे सांभाळावेत, असे चाळीस-पन्नास विषय त्यात असतात. वाचताना मान डोलत राहते आणि पंधरा दिवसांनी त्यातले एक वाक्यही आठवत नाही. यात दोष पुस्तकाचा थोडा असतो, वाचण्याच्या पद्धतीचा अधिक. असे पुस्तक म्हणजे आजीबाईचा बटवा असतो. त्यातले सगळे जिन्नस एकाच दिवशी उगाळून कोणी घेत नाही.

शक्यतो पुस्तक लगेच विकत घेऊ नये. 1848 पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर किंवा 1911 साली स्थापन झालेले पुणे मराठी ग्रंथालय यांसारख्या ठिकाणाहून ते आधी घरी आणावे आणि पहिल्या दिवशी फक्त अनुक्रमणिका वाचावी. वाचताना जी दोन-तीन शीर्षके किंचित टोचतील, त्यांची पाने चिठ्ठी घालून ठेवावीत. जे शीर्षक वाचून शेजाऱ्याची, सुनेची किंवा साहेबांची आठवण होते ते सोडून द्यावे. तो लेख आपल्या उपयोगाचा नाही. पानाचा फोटो काढून ‘हे तुझ्यासाठीच लिहिले आहे’ म्हणून घरातल्या गटावर पाठवण्याचा मोह आपल्या शहरात विशेष प्रबळ आहे, पण त्यातून आजवर कोणी सुधारल्याचे मी पाहिलेले नाही.

त्यानंतर निवडलेला लेख पारखून घ्यावा. 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. वर्णन किती अचूक आहे यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांच्या हाती शब्दशः एकच मजकूर पडलेला होता. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून कधीकधी अस्वस्थ असता’ अशा धर्तीचे वाक्य कोणालाही लागू पडते, आणि म्हणूनच ते आपल्याला नेमके आपल्याविषयी वाटते. सल्ल्यांच्या पुस्तकातली पुष्कळशी पाने याच बळावर उभी असतात. तेव्हा लेख वाचून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे वाचून उद्या सकाळी मी कोणती गोष्ट वेगळी करणार आहे? उत्तर देता आले नाही, तर लेख कितीही गोड असला तरी पुढच्या चिठ्ठीकडे वळावे. ज्या लेखात लेखकाने प्रसंग सांगितला आहे आणि आपला सल्ला कोठे चालत नाही हेही कबूल केले आहे, तो लेख सहसा कामाचा निघतो.

आठवड्याला एकच लेख घ्यावा. लोकहितवादींची शतपत्रे 1848 ते 1850 या काळात ‘प्रभाकर’ या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली, तेव्हा वाचकाला दोन अंकांच्या मधे आठवडाभर विचार करायला, भांडायला आणि विसरायलाही सवड मिळत होती. पुस्तकरूपाने सगळे एकदम हाती आले की ती सवड जाते, म्हणून ती आपणच निर्माण करावी लागते. लेख दोनदा वाचावा. मेट्रोने वनाजहून डेक्कनपर्यंत जाताना एक वाचन होते, दुसरे रात्री करावे. मग पुस्तक मिटून, त्यातला मुद्दा एका साध्या दुरेघी वहीत आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहावा. लेखकाचे चमकदार वाक्य उतरवून काढू नये, कारण उतरवताना हात चालतो आणि डोके स्वस्थ बसते.

आता खरे काम सुरू होते आणि बहुतेक जण येथेच थांबतात. लेखात लिहिलेले असते, ‘मोबाइलचा वापर कमी करा.’ हा हेतू झाला, कृती नव्हे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा शब्दांत वेळ, जागा आणि कृती आधीच ठरवून ठेवली, तर ती हातून घडण्याची शक्यता वाढते. ठरलेली खूण समोर आली की वेगळा विचार न करता काम सुरू होते, हे त्यामागचे कारण. माझ्या वहीत पहिल्या रात्री ‘रात्री फोन कमी बघायचा’ असे वाक्य होते आणि ते दोन दिवसही टिकले नाही. नंतर ते असे बदलले: ‘ओटा पुसून फडके वाळत घातले की फोन बाहेरच्या खोलीतल्या चार्जरला लावायचा आणि तेथेच ठेवायचा.’ ओटा रोज पुसला जातोच, त्यामुळे आठवण ठेवण्याचे काम त्या ओल्या फडक्याने आपल्या अंगावर घेतले. पहिल्या आठवड्यात गजराचे निमित्त करून मी फोन दोनदा परत उशाशी आणला. तेव्हा तुळशीबागेतून साधे गजराचे घड्याळ आणले आणि ते निमित्तही संपवले. आपले वाक्य लिहून झाले की ते असेच तपासावे: आधीपासून रोज घडणारी कोणती गोष्ट यात खुणेसारखी वापरली आहे, आणि ती न पाळण्यासाठी मी कोणते निमित्त सांगणार आहे?

किती दिवस करून पाहावे, याबाबत अशा पुस्तकांत 21 हा आकडा फार लाडका असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र वेगळे सांगतो. त्यांनी 96 स्वयंसेवकांना खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक नवी सवय निवडून 12 आठवडे पाळायला सांगितली. ती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले आणि माणसामाणसांत 18 ते 254 दिवस इतका फरक असावा, असा अंदाज निघाला. याच अभ्यासातली दिलाशाची गोष्ट अशी की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. म्हणून वहीत रोज फक्त ‘झाले’ किंवा ‘राहिले’ एवढेच लिहावे. दोन आठवड्यांनी ‘राहिले’ अधिक दिसले, तर स्वतःला बोल लावण्याऐवजी वाक्य आणखी लहान करावे. अर्धा तास चालणे जमत नसेल, तर जेवणानंतर सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन येणे पुरे.

एकाच पुस्तकातले दोन लेख परस्परांविरुद्ध बोलतात, याने गोंधळून जाऊ नये. एक म्हणतो, मनातले लगेच बोलून टाकावे. दुसरा म्हणतो, बोलण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. आपल्याकडे ‘शुभस्य शीघ्रम्’ही आहे आणि घाटातल्या पाट्यांवर ‘अति घाई, संकटात नेई’ही आहे, आणि दोन्हींवर कोणी आक्षेप घेत नाही, कारण कोणते कोठे लागू हे आपण प्रसंगावरून ओळखतो. वहीत अशा दोन सल्ल्यांसमोर तो कोणत्या प्रसंगासाठी आहे हे लिहावे. उदाहरणार्थ, सोसायटीच्या सभेत हिशेबाविषयी शंका असेल, तर ती तेथेच विचारावी. भावाशी वडिलांच्या घरावरून बोलायचे असेल, तर रात्र जाऊ द्यावी.

काही प्रश्न या पुस्तकांच्या आवाक्याबाहेरचे असतात आणि ते वेळीच ओळखणे हाही पद्धतीचाच भाग आहे. कर्ज, वाटणी, घरातील मारहाण किंवा दुखणे यांसाठी त्या त्या जाणकाराकडेच जावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ‘सकारात्मक विचार करा’ हा लेख पुन्हा वाचण्याऐवजी डॉक्टरांची वेळ घ्यावी. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येत असतील, तर तेवढीही वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य मिळते. घरातले कोणी अशा अवस्थेत असेल, तर त्याच्या हाती पुस्तक देऊ नये. त्याच्याजवळ बसावे आणि डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जावे.

तीन-चार महिन्यांनी एकदा वही सुरुवातीपासून चाळावी. जी वाक्ये आता लिहायची गरज उरलेली नाही, कारण ती आपोआप घडतात, त्यांवर खूण करावी, आणि जी कधीच जमली नाहीत ती संकोच न करता खोडावीत. माझ्या वहीत 19 नोंदी झाल्या, त्यांतल्या 4 टिकल्या; ‘पहाटे पाचला उठणे’ तीनदा लिहून तीनदा खोडले आहे. वाचनालयाचे पुस्तक मात्र मुदतीत परत करावे आणि आत ठेवलेल्या आपल्या चिठ्ठ्या काढून घ्यायला विसरू नये.