कॅमेऱ्यात करिअर करायचंय? आधी कवडसा पकडून बघा

नाशिकमधली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, दादा कॅमेरा कोणता घेऊ? अरे घ्या कुठलाही, पण आधी सिनेमाचे कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांचं करिअर बघा जरा. 1923 चा जन्म, म्हैसूरचा माणूस, 1946 ला बंगळुरूहून सिनेमॅटोग्राफीचा डिप्लोमा, मग मुंबईत असिस्टंटगिरी. 'बाजी' सिनेमाला मूर्ती हे कॅमेरामन व्ही. रात्रा यांच्या हाताखाली होते, तिथे गुरुदत्तांच्या नजरेत भरले आणि 1952 च्या 'जाल'पासून स्वतंत्र. म्हणजे डिप्लोमा हातात असून सहा वर्षं! आणि आपण सहा महिन्यांत कार्डावर डीओपी, म्हणजे मुख्य कॅमेरामन, छापतो (मीपण छापलं होतं, पंचवटीत लग्नं शूट करायचो तेव्हा).

पुढे दिग्दर्शक झालेले गोविंद निहलानी मूर्तींच्याच हाताखाली तयार झाले, 1988 च्या 'भारत एक खोज'लाही कॅमेरा मूर्तींचाच. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार कॅमेरामनला पहिल्यांदा मिळाला तो यांनाच, 2008 सालचा, हातात पडला तेव्हा वय 86.

असिस्टंट म्हणून सुरुवातीला लेन्सच्या पेट्याच उचलाल, वैताग येणार. पैशाचं मात्र आधी लिहून घ्या, एका प्रॉडक्शनने माझे अकरा दिवस बुडवलेत.

आता मुद्द्याचं. मूर्तींनीच शूट केलेला 'कागज के फूल', 1959, भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा, त्यातला तो स्टुडिओतला प्रकाशाचा झोत आठवतोय ना? तो लाइट नव्हता, मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन आत वळवलं होतं. हे कळलं आणि मला आजीचा जुन्या नाशकातला वाडा आठवला, काचेच्या कौलातून कवडसा यायचा आणि चूल पेटली की धुरात तो दांडक्यासारखा उभा दिसायचा. मग मी दोन आरसे घेऊन करून बघितलं. धूर नसेल तर झोत दिसतच नाही, भिंतीवर नुसता ठिपका, उदबत्तीने काही होत नाही, चांगला धूप लागतो. त्यात ऊन सरकतं, दर दोन मिनिटांनी आरसा फिरवा, आणि आरसा जेवढा फिरवाल त्याच्या दुप्पट झोत पळतो, भाऊ आरसा धरून जाम शिव्या घालत होता. अर्धा दिवस घालवून चार सेकंदांचा शॉट मिळाला, पण एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा, ते लग्नांच्या तीन सीझनमध्ये कळलं नाही ते तेव्हा कळलं. तुम्हीपण करा, फक्त आरसे विकत आणा, मी कपाटाचा काढला होता, तो अजून नीट बसत नाही आणि आई रोज ऐकवते.