काचेच्या बेकिंग डिशवरचे तपकिरी चिकट डाग कसे निघाले

ओव्हनमधल्या काचेच्या भांड्याच्या कडांना आणि कानांखाली मधाच्या रंगाचा थर बसला होता. नख लावलं तर किंचित चिकट, पण निघायचं नाव नाही. हे जळकं अन्न नव्हे. तेलाचा पातळ थर तापून तापून वार्निशसारखा कडक होतो.

साबणात भिजवलं, लिंबू चोळलं, सोडा-व्हिनेगर एकत्र ओतलं (फेस भरपूर, काम शून्य, दोघं एकमेकांना मारतात). तारेच्या घासणीने तर ओरखडेच पडले, आणि ओरखडलेली काच पुढे तडकू शकते. पार वैतागले होते.

शेवटी जमलं ते असं. भांडं पूर्ण गार होऊ दिलं. ३ चमचे खायचा सोडा, १ चमचा पाणी, लिक्विड सोपचे चार थेंब, असा घट्ट लेप डागांवर जाड थापला. वर ओला टिश्यू, त्यावर प्लास्टिक, म्हणजे लेप सुकत नाही. आधी नेमकं इथेच चुकत होतं. १२ तासांनी प्लास्टिकच्या घासणीने गोल गोल घासलं, कानांच्या खाचेत जुना टूथब्रश फिरवला, कोमट पाण्याने धुतलं. उरलेला पांढुरका थर व्हिनेगरच्या फडक्याने पुसला. कानांखाली मात्र दुसरा हात द्यावा लागला.