घरी ब्रॉडबँड घेताना: कोल्हापूरकरांसाठी काही सूचना

घरी ब्रॉडबँड घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी दर विचारतात. वास्तविक आधी चौकशी करावी ती आपल्या गल्लीत कोणाची फायबर (इंटरनेट आणणारी काचेची तार) आली आहे आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला माणूस किती वेळात येतो, याची. याचे खरे उत्तर शेजारीच देतील.

फायबर मिळत असेल तर तीच घ्यावी. बीएसएनएल, जिओ, एअरटेल यांच्याबरोबरच भागातला केबलवालाही ती देतो, आणि तो जवळच राहणारा, तक्रारीला धावून येणारा असेल तर त्याचा विचार अवश्य करावा. जोडणीच्या दिवशी घरी थांबावे. तंत्रज्ञ पॉवर मीटर (तारेतल्या सिग्नलची ताकद मोजणारे यंत्र) लावतो तेव्हा आकडा विचारून घ्यावा; तो डीबीएम या मापात असतो: उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, उणे २७ च्या जवळ गेला तर सिग्नल क्षीण आहे, तेव्हा जोड पुन्हा करून मागावा. तार कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नये, कारण आतली काच तुटते. पुढे कधी मोडेमवर ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागला, तर मोडेम बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही, तार कुठेतरी तुटली आहे असे समजून थेट तक्रार नोंदवावी.

पंचगंगेच्या पूररेषेजवळ तळमजल्यावर राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चा अनुभव लक्षात घेऊन मोडेम भिंतीवर उंच बसवून घ्यावा. वीज गेल्यावरही इंटरनेट हवे असेल, तर ॲडाप्टरवरील व्होल्ट पाहून (बहुधा १२) त्याच व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा.

पन्हाळा, गगनबावड्याकडच्या वाड्यांवर, जिथे तार पोहोचलेली नाही, किंवा भाड्याच्या घरात, ५जी एअरफायबर, म्हणजे मोबाइल टॉवरवरून बिनतारी येणारे इंटरनेट, सोयीचे ठरते. त्याचा रिसीव्हर टॉवरच्या दिशेला लावतात; मात्र संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की वेग उतरतो. फक्त मेल आणि व्हॉट्सॲपपुरते काम असेल, तर मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो.

जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो. अनामत परत मिळते का, डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती राहतो, हे लेखी घ्यावे. वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. पहिला महिना रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, लॅपटॉपला तार जोडून वेग तपासावा, कारण वायफायवर मोजलेला वेग भिंतींमुळे कमी दिसतो आणि दोष नेमका कुणाचा ते कळत नाही.