कमिटीतली जागा मध्येच रिकामी झाली तर भरण्याआधी काय काय पाहायचं

आमची सोसायटी मुलुंडची, चाळीस फ्लॅटांची. तळमजल्यावरच्या दोन कॉलमना लोखंडी टेकू लावून तिसरा पावसाळा गेला. रीडेव्हलपमेंटचं काम कसंबसं मार्गी लागलं होतं, पीएमसी, म्हणजे प्रकल्पावर देखरेख ठेवणारा सल्लागार, नेमायची होती, आणि तेवढ्यात कमिटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फ्लॅट विकला आणि त्या पुण्याला लेकाकडे गेल्या. सेक्रेटरी मीच. आठवडाभरात आम्ही ती जागा भरली, आणि चुकीची भरली. पाच महिने त्यातच गेले. ज्यांच्या सोसायटीत आज अशी जागा रिकामी झाली असेल त्यांनी घाई करण्याआधी हे वाचावं.

सगळ्यात आधी पाहायचं ते हे, की रिकामी झालेली जागा कोणत्या प्रवर्गाची आहे. कोणाची होती हे सगळ्यांना माहीत असतं. प्रवर्ग कोणाच्या लक्षात नसतो. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, शंभरपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीची कमिटी 11 जणांची असते: 6 सर्वसाधारण, 2 महिला राखीव, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्ग या तीन गटांची प्रत्येकी 1. मध्येच रिकामी झालेली जागा त्याच प्रवर्गातल्या सभासदानेच भरायची असते. आमच्या काकू महिला राखीव जागेवर निवडून आल्या होत्या. आम्ही त्यांच्या जागी पाचव्या मजल्यावरचे निवृत्त सिव्हिल इंजिनीअर घेतले, कारण पुनर्विकासात त्यांचा उपयोग होणार होता. माणूस अगदी योग्य होता, जागा त्यांची नव्हती.

हे तोंडी विचारून ठरवू नका. आम्ही चेअरमनना विचारलं, ते म्हणाले, ‘जनरलच असेल.’ ‘असेल’वर आम्ही थांबलो. निवडणुकीच्या वेळचा निकालाचा कागद बाहेर काढा. आमचा गोदरेजच्या कपाटात, पाणीपट्टीच्या बिलांखाली, गंजलेल्या टाचणीने बाकीच्या कागदांना अडकलेला सापडला, तोही तक्रार झाल्यावर. त्यावर अकरा नावं होती आणि प्रत्येक नावासमोर प्रवर्ग लिहिलेला होता. काकूंच्या नावासमोर ‘महिला’. दोन मिनिटांचं काम होतं. बाई सर्वसाधारण जागेवरही निवडून येऊ शकते, त्यामुळे बाई गेली म्हणजे महिला राखीवच जागा गेली असंही धरून चालू नका. कागद पाहा.

दुसरं, जागा खरंच रिकामी झाली आहे का. राजीनामा असेल तर तो लेखी हवा, कमिटीच्या बैठकीपुढे यायला हवा आणि इतिवृत्तात त्याची नोंद हवी. सोसायटीच्या ग्रुपवर ‘मी आता लक्ष घालू शकत नाही’ असं लिहिणं हा राजीनामा नव्हे. निधन असेल तर काही दिवस जाऊ द्या, मग घरच्यांकडून दाखल्याची प्रत मागा. फ्लॅट विकला असेल तर हस्तांतर मंजूर झाल्याचा ठराव शोधा. घेणाऱ्याला ती जागा आपोआप मिळते असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. फ्लॅट विकता येतो, कमिटीतली जागा विकता येत नाही.

तिसरी गोष्ट कमिटीच्या उरलेल्या मुदतीची, आणि इथे ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजवर विसंबू नका. अर्ध्याहून कमी मुदत उरली असेल तरच कमिटीने नामनिर्देशनाने, म्हणजे निवडणूक न घेता, जागा भरायची, ही त्या मेसेजमधली अट 97व्या घटनादुरुस्तीत होती. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच राज्यात काम करणाऱ्या सहकारी संस्थांपुरता त्या दुरुस्तीतला सहकारी संस्थांचा भाग रद्द ठरवला. म्हणून आपल्यासाठी महाराष्ट्राचा 1960चा सहकारी संस्था कायदा, त्यात 9 मार्च 2019 पासून गृहनिर्माण संस्थांसाठी आलेलं स्वतंत्र प्रकरण आणि तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी हेच पाहायचं. तुमचे म्हणजे तुमचेच, शिक्का असलेले, शेजारच्या सोसायटीचे नव्हेत. मुदत जास्त उरली असेल आणि जराही शंका असेल तर उपनिबंधकांना, म्हणजे सहकार खात्याच्या आपल्या भागातल्या अधिकाऱ्यांना, पत्र लिहा, पोच घ्या, उत्तर लेखी घ्या. गृहनिर्माण संस्थेत 250पर्यंत सभासद असतील तर निवडणूक घेणंही आपल्याच हातात असतं, त्यामुळे त्याची भीती वाटू देऊ नका.

आता माणूस. आधी प्रवर्ग, मग माणूस. आम्ही उलटं केलं आणि तिथेच फसलो. प्रवर्ग ठरला की त्या प्रवर्गातल्या पात्र सभासदांची यादी सभासद नोंदवहीवरून करा. शेअर सर्टिफिकेटवर नाव कोणाचं आहे ते पाहा. फ्लॅट बायकोच्या नावावर आणि मीटिंगला येणार नवरा, हे वार्षिक सभेत कोणी मनावर घेत नाही, पण कमिटीत तेवढ्यावर चालत नाही. थकबाकी पाहा, मेंटेनन्सची आणि दुरुस्ती फंडाची दोन्ही. दोन अपत्यांची अट (त्याहून जास्त अपत्यं असतील तर कमिटीवर येता येत नाही) गृहनिर्माण संस्थांनाही लागू आहे. विचारायला अवघड वाटतं, तरी विचारा आणि लेखी घोषणापत्र घ्या. रीडेव्हलपमेंट चालू असेल तर एक प्रश्न मी स्वतःहून वाढवला आहे: येणाऱ्या कोणत्याही बिल्डरशी, आर्किटेक्टशी, कंत्राटदाराशी घरातल्या कोणाचं काम चालू आहे का. उत्तर काहीही असो, ते लिहून घ्या.

इच्छुक कोणी नाही असं लगेच म्हणू नका. महिला राखीव जागेसाठी आम्ही एकाही बाईला विचारलं नव्हतं, हे मला आजही लागतं. दुसऱ्यांदा चौकशी केली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या ताई म्हणाल्या, ‘मला कोणी विचारलंच नाही.’ आज आमचा सगळा हिशेब त्याच पाहतात. नोटीस बोर्डावर सूचना लावा, प्रवर्ग ठळक अक्षरात लिहा, इच्छुकांकडून संमतिपत्र घ्या. राखीव जागेला पात्र सभासद मिळालाच नाही तर ती रिकामी ठेवा, तशी राखीव जागा कोरमला, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीला, धरली जात नाही. रिकामी ठेवलेली परवडते, चुकीच्या प्रवर्गाने भरलेली नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो, म्हणजे मी पुन्हा पुन्हा प्रवर्ग का म्हणतोय ते कळेल. इंजिनीअर काका आल्यावर दोन बैठका झाल्या. पीएमसीची दरपत्रकं मागवली, विशेष सर्वसाधारण सभेची तारीख ठरली. तेवढ्यात एका सभासदाने उपनिबंधकांकडे तक्रार केली की कमिटीची रचनाच नियमाला धरून नाही, मग तिने ठरवलेली सभा कशी चालेल? तक्रार खरी होती. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालचे 4 जुलै 2019 चे निर्देश पुनर्विकासाच्या प्रत्येक पायरीला पुरावा मागतात: सभेला दोन तृतीयांश कोरम, चित्रीकरण, विकासक निवडताना एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती. एवढं सगळं जमवून शेवटी कोणी पहिल्याच पायरीवर बोट ठेवलं तर वरचं सगळं डळमळतं. काकांनी राजीनामा दिला, एका शब्दाने कोणाला दोष दिला नाही. आम्ही जागा नव्याने भरली, दोन्ही बैठकांचे ठराव पुन्हा केले, सभेची नोटीस पुन्हा काढली. तोवर पावसाळा लागला होता आणि टेकूशेजारच्या छताचं प्लॅस्टर एका रात्री निखळून पडलं. सकाळी तिथूनच शाळेची मुलं बाहेर पडतात.

बैठकीची तयारी: अजेंडा निदान तीन पूर्ण दिवस आधी, त्यात ‘ऐनवेळचे विषय’ नको, ‘महिला राखीव प्रवर्गातील रिक्त जागा भरणे’ असा पूर्ण विषय हवा. कोरम मोजा, अकरा जणांच्या कमिटीला सहा लागतात. ठरावात कोण गेलं, का गेलं, प्रवर्ग कोणता, आलेली व्यक्ती त्याच प्रवर्गातली आहे, सूचक, अनुमोदक, आणि तिची मुदत कमिटीच्या मुदतीबरोबर संपेल, हे सगळं एकाच ठरावात. प्रवर्ग हा शब्द त्या ठरावात दिसलाच पाहिजे. इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून काढा.

नंतरचं भराभर. नव्या सदस्याचं एम-20 नमुन्यातलं, जबाबदारी स्वीकारल्याचं बंधपत्र मुदतीत करून घ्या, कारण कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्यांवर सामूहिक आणि वैयक्तिक अशी दोन्ही असते, हे त्यांना सही करण्याआधी सांगा. उपनिबंधकांना बदल कळवा, ठरावाची प्रत जोडा, पोच फाइलला लावा. गेलेली व्यक्ती चेकवर सही करत असेल तर बँकेत त्याच दिवशी जा. रीडेव्हलपमेंटच्या फायली नव्या सदस्याला वाचायला द्या, तोंडी सारांश पुरत नाही. बोर्डावरची नावं बदला. आणि तो निकालाचा कागद स्कॅन करून ठेवा, मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, कपाटाच्या वरच्या खणात, प्रवर्गाचा रकाना वर दिसेल असा.