मुलांना ईमेल काढून देताय? मग या चुका टाळा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की आमच्या सोसायटीच्या आयांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "अगं फॉर्ममध्ये मुलाचा ईमेल आयडी मागितलाय, काय टाकू?" आणि त्याखाली लगेच सात-आठ उत्तरं की काढून टाक नवीन, दोन मिनिटांचं काम आहे, जन्मसाल जुनं टाक म्हणजे काही विचारत नाही. यंदा ते वाचून मला राहवेना, कारण बरोब्बर हेच मी तीन वर्षांपूर्वी केलं होतं, ऐरोलीच्या ऑफिसातून कासारवडवलीला घरी पोचून, घोडबंदरच्या ट्रॅफिकने डोकं उठलेलं, एकीकडे कुकर लावलेला आणि दुसऱ्या हातात फोन. लेक तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. दोन मिनिटांत आयडी निघाला खरा, पण पुढचं निस्तरायला सहा महिने लागले, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मुलांना मेल देऊच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट आठ-नऊ वर्षांच्या मुलाने आजोबांना चार ओळी नीट लिहून पाठवाव्यात आणि उत्तराची वाट बघावी, ही फार चांगली सवय आहे, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवण्यापेक्षा शंभर पटीने चांगली. पण आपण घाईत त्यांच्या हातात मोठ्यांचं अकाउंट देतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक : खोटं जन्मसाल

आपल्याकडे गूगलचं स्वतःचं अकाउंट चालवायला वय १३ पूर्ण लागतं. त्याहून लहान मुलाचं अकाउंट आईबाबांनी फॅमिली लिंकमधून, म्हणजे गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमधून, काढायचं असतं. मी काय केलं, माझंच जन्मसाल टाकलं. म्हणजे गूगलच्या दृष्टीने माझी दुसरीतली लेक तिशी उलटलेली बाई झाली, आणि मग तिला तशाच जाहिराती, कर्जाच्या, वजन कमी करायच्या, आणि काही तर मी इथे लिहूही शकत नाही अशा. यूट्यूबही मोठ्यांचं उघडं. आपण पालक म्हणून त्या अकाउंटवर काहीच करू शकत नाही, कारण कागदोपत्री ते मुलाचं नाहीच.

आणि अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्या देशाच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, त्यांची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती हवी आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती नकोत असं त्यात आहे. आपण खोटं साल टाकतो तेव्हा हे सगळं संरक्षण आपल्याच हाताने काढून टाकतो.

आधीच असं अकाउंट काढून बसला असाल तर दोन रस्ते आहेत. एक, अकाउंटमध्ये जाऊन जन्मतारीख खरी करायची, पण हे करताना पालकाचा फोन आणि पासवर्ड शेजारी ठेवा, कारण वय १३च्या खाली दिसलं की गूगल पालक जोडायला सांगतं आणि १४ दिवसांत ते केलं नाही तर अकाउंट बंद होतं. दुसरा रस्ता मी घेतला, फॅमिली लिंकमधून खऱ्या तारखेने नवीन अकाउंट काढलं, जुन्यातले आजोबांचे मेल आणि फोटो गूगल टेकआउटने (आपला साठा उतरवून घ्यायची गूगलची सोय) उतरवून घेतले आणि मग जुनं डिलीट केलं. जुन्यात इतका कचरा साठला होता की ते साफ करण्यात अर्थ नव्हता.

फॅमिली लिंक लावलं म्हणजे मेल दिसतात, हा गैरसमज

माझ्या नणंदेला अगदी हेच वाटत होतं. नाही दिसत. फॅमिली लिंकमधून ॲपची परवानगी, स्क्रीनचा वेळ, डिव्हाइस कुठे आहे हे कळतं, नवीन फोनवर मूल लॉगिन करायला गेलं तर पालकाची परवानगी लागते, आणि गरज पडली तर पासवर्ड आपण बदलू शकतो. पण आत कोणी काय लिहिलंय ते त्यातून वाचता येत नाही. काही जण म्हणतात मग मुलाचे मेल स्वतःकडे फॉरवर्ड लावून ठेवू, तर १३ खालच्या अकाउंटवर आपोआप फॉरवर्ड होणं गूगलने बंदच ठेवलंय, त्यामुळे सेटिंगमध्ये ते शोधत अर्धा तास घालवू नका (मी घालवलाय). चांगली बाजू म्हणजे या अकाउंटच्या जीमेलमध्ये जाहिराती नसतात.

मग नजर ठेवायची कशी? आमच्याकडे लेकीचा मेल फक्त हॉलमधल्या टॅबवर आहे, माझ्या फोनवर नाही आणि तिच्या खोलीत तर नाहीच. रविवारी सकाळी पोहे झाले की आम्ही दोघी शेजारी बसून इनबॉक्स बघतो, ती वाचून दाखवते. चोरून वाचायचं नाही हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ते पाळतेय, कारण एकदा तिला कळलं की आई मागून बघते तर ती दुसरीकडे बोलायला जागा शोधेल.

स्वतःचाच मेल मुलाच्या टॅबवर

हे तर घरोघरी आहे. आपल्या मेलमध्ये बँकेचं स्टेटमेंट, आधारची पीडीएफ, ऑफिसचं सगळं, आणि तोच आयडी टॅबला लावलेला कारण गेम उतरवायला लागतो. वाशीला माझी मावसबहीण राहते, तिच्या सहा वर्षांच्या मुलाने तिच्या मेलमधून घराच्या कर्जाची कागदपत्रं डिलीट केली होती, नशीब की ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात आणि तिला वेळेत कळलं. टॅबवरून आपलं अकाउंट आजच काढा.

आयडीमध्येच सगळी कुंडली

मी काढलेल्या पहिल्या आयडीत लेकीचं नाव, आडनाव, तिचं खरं जन्मसाल आणि वर "ठाणे" असं सगळं होतं. छान दिसतंय म्हणून टाकलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला एका चित्रकला शिबिरात घातलं, त्यांनी वेळापत्रक पाठवताना सगळ्या मुलांचे आयडी सीसीमध्ये, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसतील असे, टाकून एकच मेल केला, चाळीसेक पत्ते, आणि ते वर-खाली वाचताना माझ्या पोटात गोळा आला. कुठलं मूल, आडनाव काय, कोणत्या साली जन्मलं, दोन-तीन आयडींत तर शाळेचंही नाव, सगळं एका यादीत, आणि ती यादी चाळीस घरांत गेलेली. पंधरा-वीस दिवसांत लेकीच्या मेलवर कुठल्या कुठल्या क्लासवाल्यांचे मेल सुरू झाले. मी शिबिरवाल्या ताईंना फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी बीसीसी वापरलं, ज्यात पत्ते एकमेकांना दिसत नाहीत, पण गेलेली यादी परत येत नाही ना.

म्हणून आयडीत आडनाव नको, साल नको, शाळा नको, गाव नको. एखादं फळ, पक्षी, आवडतं काहीतरी आणि दोन-तीन आकडे, बास. आणि हे लक्षात ठेवा की जीमेलमध्ये टिंब दिल्याने वेगळा आयडी होत नाही, टिंबासकट आणि टिंबाशिवाय दोन्ही एकाच डब्यात येतात.

फॉर्मवाल्यांचं काय करायचं? तर मुलाचा आयडी द्यायचाच नाही, स्वतःचा द्यायचा. आपल्या जीमेल आयडीत ॲटच्या चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह टाकून पुढे शाळा, कराटे, पोहणं असं काही लिहिलं तरी मेल आपल्याकडेच येतो, आणि पत्ता कोणी पुढे वाटला तेही कळतं. काही वेबसाइट अधिकचं चिन्ह घेत नाहीत, तिथे साधा आयडी द्या. पण मुलाचा खरा आयडी फक्त माणसांसाठी ठेवा, आमच्या लेकीचा आयडी आज नऊ जणांकडे आहे आणि ती नऊ नावं तिला पाठ आहेत.

दार सताड उघडं ठेवणं

जीमेलमध्ये फिल्टर, म्हणजे आलेला मेल कुठे जावा हे ठरवणारे नियम, असतात आणि त्याचा मुलांसाठी फार उपयोग होतो. मोबाइलच्या ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, कॉम्प्युटरवर उघडावं लागतं. वर शोधायची जी पट्टी असते तिच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर दाबा, मग जे खोकं उघडतं त्यात असा नियम करायचा की या अमुक नऊ पत्त्यांवरून न आलेला कुठलाही मेल इनबॉक्समध्ये येऊ नये, वेगळ्या लेबलखाली जावा. आम्ही त्या लेबलला "आईला विचार" असं नाव दिलंय. तिला ते लेबल दिसतं, लपवलेलं काही नाही, पण ते आम्ही रविवारीच उघडतो. नवीन मैत्रिणीला घ्यायचं असेल तर आधी तिच्या आईशी मी बोलते, मग पत्ता नियमात घालायचा. फिल्टर केल्यावर दुसऱ्या एखाद्या आयडीवरून चाचणीचा मेल नक्की पाठवून बघा.

ओरडणं

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. जुन्या अकाउंटवर लेकीला एक मेल आला, ती खेळायची त्या गेमचं नाव, चित्र, आणि पाचशे डायमंड फुकट, फक्त इथे दाबून लॉगिन करा. तिने केलं. पासवर्ड टाकला आणि पान कोरं झालं. तिला तेव्हाच कळलं की काहीतरी चुकलं, पण तिने मला दोन दिवस सांगितलं नाही, कारण त्याच आठवड्यात टॅबवरून मी तिला खूप बोलले होते. दोन दिवस ती नीट जेवली नाही आणि मला वाटलं पोट बिघडलंय. शेवटी रात्री झोपताना अंधारात म्हणाली, "आई, मी एक केलंय, तू रागावणार नाहीस ना?"

असं झालं तर क्रम हा ठेवा. पहिलं म्हणजे मुलाला जवळ घ्या, सांगितलंस ते बरं केलंस म्हणा, आणि हे मनापासून म्हणा. मग स्वच्छ अशा दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदला, गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन कुठकुठल्या डिव्हाइसवर अकाउंट चालू आहे ते बघा आणि अनोळखी असेल ते साइन आउट करा, रिकव्हरीचा (अकाउंट परत मिळवायला दिलेला) फोन आणि मेल आपलेच आहेत ना ते तपासा, कोणी नवीन फिल्टर किंवा फॉरवर्ड लावून ठेवलाय का बघा. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. कोणी मुलाकडे फोटो मागत असेल, भेटायला बोलवत असेल, धमकावत असेल तर मेल डिलीट करू नका, रागाच्या भरात आपण उत्तरही देऊ नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पोलिसांकडे जा, मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन पण आहे.

नंतर मी तिला एकच गोष्ट शिकवली, पाठवणाऱ्याच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही, नावाच्या खालच्या छोट्या बाणावर दाबायचं आणि खरा पत्ता वाचायचा. त्या डायमंडवाल्या मेलचा पत्ता आम्ही मिळून वाचला, गेमच्या नावाचा त्यात मागमूस नव्हता, नुसती अक्षरं आणि आकडे. आता ती माझे मेल आले तरी बाण दाबून बघते, आणि गेल्या महिन्यात कुरिअरच्या नावाने मला आलेला एक खोटा मेल तिनेच पकडला.

पासवर्ड आणि "गूगलने लॉगिन करा"

पासवर्ड शाळेच्या डायरीत लिहू देऊ नका आणि मुलाचं नाव-वाढदिवस तर नकोच, तीन-चार असंबद्ध शब्द जोडा, मुलांना असे शब्द शोधायला फार आवडतं. आणि प्रत्येक गेमवर "गूगलने लॉगिन करा" असं बटण असतं, ते दाबत सुटलं की अकाउंट वीस ठिकाणी जोडलं जातं. महिन्यातून एकदा गूगल अकाउंटमध्ये जोडलेल्या ॲपची यादी उघडून नको ते काढून टाका.

आजोबांचा मेल येतच नाही

नवीन अकाउंट काढल्यावर आमची पहिली अडचण हीच झाली. चिपळूणहून बाबा रोज विचारायचे, पाठवला, मिळाला का? आणि इथे काही नाही, स्पॅममध्येही नाही. दोन दिवस डोकं लावल्यावर उलगडा झाला. १३ खालच्या अकाउंटवर गूगलला जे स्पॅम वाटतं ते स्पॅमच्या फोल्डरमध्येही येत नाही, सरळ गाळलं जातं, आणि बाबा विषय न लिहिता नुसते फोटो जोडून पाठवायचे. शिवाय माझ्या फिल्टरमध्ये त्यांच्या आयडीतलं एक अक्षर चुकलेलं. अक्षर नीट केलं, बाबांचा आयडी लेकीच्या कॉन्टॅक्टमध्ये घातला, त्यांना विषय आणि दोन ओळी लिहायला सांगितल्या, आणि पहिला मेल लेकीकडून जाऊ दिला म्हणजे ते त्यालाच उत्तर देतील.

तिने विषयात लिहिलं "आजोबा हे उघडा खोटं नाहीये", आणि खाली सहा ओळी, उपवन तलावावर बदकं किती होती त्याबद्दल. दुपारपर्यंत उत्तर आलं. तिने आधी बाण दाबून पत्ता वाचला, मग मेल उघडला.